शिवडीत जुळायची ती शेव्हरोलेट, आमच्या जेवणाच्या टेबलावर

पोरानं पुण्याहून वाढदिवसाला खोकं पाठवलं. वर १९५० च्या शेव्हरोलेट ३१०० पिकअपचं चित्र. १:२५ मापाचं, तुकडे जुळवून करायचं प्लॅस्टिक किट, किंमत साडेतीन हजार. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं खऱ्या गाड्यांखाली झोपून काढलेल्या माणसाला हे! दोन दिवस खोकं कपाटावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सहज उघडलं, आणि संध्याकाळचा चहा दोनदा गरम करावा लागला.

आधी व्हर्नियर काढला. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११६ इंच. २५ नं भागलं की जवळपास ११८ मिलिमीटर. चासीवर लावून बघितला, बरोबर बसला. मग म्हटलं, ठीक आहे, करू या.

ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना घातला होता, १९५४ पर्यंत तिथं शेव्हरोलेट जुळत. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यातही शेव्हरोलेट होत्या. मी कामाला लागलो तेव्हा त्या कधीच भंगारात गेलेल्या, पण जुने मिस्त्री त्यांच्या इंजिनाच्या गोष्टी सांगायचे. २१६ घनइंचांचं, ओळीत सहा सिलिंडर. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पंपाचा दाब नाही. रॉडच्या बुडाला पळी, ती खालचं ऑइल उडवणार आणि त्यावर बेअरिंग जगणार. चढाला गाडी रेटली की मिस्त्री कान लावून बसायचे म्हणे.

तेच इंजिन या किटमध्ये दहा-बारा तुकड्यांत येतं, आणि सगळ्या किटमध्ये हेच काम एक नंबर आहे. डिस्ट्रिब्युटर खडूच्या टोकाएवढा. प्लगच्या वायरी कंपनी देत नाही, त्या मी जुन्या इअरफोनची तार सोलून घातल्या. पाटे, एक्सल, सायलेन्सर, सगळं जिथल्या तिथं बसलं. खालून गाडी बघाल तर माझं काही म्हणणं नाही.

वरून मात्र आहे. कंपनीचं नाव घालत नाही, पण साचा म्हातारा झालाय हे कळतं. कडांना प्लॅस्टिकचे पापुद्रे, टपावर साच्याची रेघ, डाव्या मडगार्डवर खळगा. लांबी (पुट्टी) भरा, वॉटर पेपर मारा, पुन्हा भरा. बोनेट बसवलं की एका बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी फट. आमच्या बॉडी सेक्शनला असं बोनेट आलं असतं तर आल्या पावली परत गेलं असतं. माहितीपत्रकात नुसती चित्रं आणि आकडे. कुठला तुकडा आधी, हे आपल्या अकलेवर. रंगाआधी सगळी गाडी एकदा चिकटपट्टीवर जुळवून बघा, नंतर पस्तावाल.

चिकटवायला तामियाचा हिरव्या टोपणाचा पातळ सिमेंट घेतला. तो गोंद नव्हे, प्लॅस्टिक विरघळवून जोड एकजीव करतो, वेल्डिंगच म्हणा. सांध्याला ब्रशचं टोक टेकवलं की आपोआप आत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. काचांना मात्र हा नको आणि इन्स्टंट गम तर नकोच. मी मागच्या काचेला गम लावला, सकाळी काच धुरकट. आता माझ्या गाडीला मागे कायमचं धुकं आहे. पुढच्या काचा फेविकॉलनं बसवल्या; वाळला की दिसत नाही.

रंगाची चूक सर्वस्वी माझी. गडद हिरवा ठरवला होता, त्या काळच्या शेव्हरोलेट ट्रकचा नेहमीचा रंग. स्प्रेचा डबा यायला नऊ दिवस लागले आणि तोवर श्रावणझड लागली. ढगाळ हवेत थिनरचा रंग मारायचा नाही, हे मी किती पोरांना ओरडून शिकवलंय! पण धीर धरवला नाही. गच्चीच्या जिन्यात दोन हात मारले, दहा मिनिटांत केबिनवर पांढरट बुरशीसारखी साय धरली. नातू म्हणाला, "आबा, गाडीला ताप आलाय." आठवडाभर तशीच ठेवली, मग ऊन पडल्यावर दोन हजार नंबरच्या पेपरानं हलकं घासलं, डबा कोमट पाण्यात धरला आणि तीन पातळ हात मारले. आता बघणारे विचारतात, पेंटर कोण.

स्टिअरिंग डावीकडे आहे. उजवीकडं घ्यायचं फार मनात होतं, पण डॅशबोर्डचे मीटर साच्यातच डावीकडे. सोडून दिलं.

हौद्याचा तळ खऱ्या गाडीत लाकडी फळ्यांचा, मध्ये लोखंडी पट्ट्या. किटमध्ये तो ओतीव आहे, पण फळ्यांच्या रेषा चांगल्या उठल्यात. आधी मातकट रंग, वर जवळजवळ कोरड्या ब्रशनं तपकिरी ओढला. लाकूड झालं.

सांगलीची गाडी रिकामी कशी उभी राहणार? म्हणून हळदीची पोती करायला घेतली. खरं गोणपाट चालत नाही, या मापाला त्याची वीण दोरखंडासारखी दिसते. दवाखान्यातली पट्टी चहात बुडवून वाळवली, हिनं साडेतीन सेंटिमीटरच्या पिशव्या शिवल्या, आत रवा.

पहिलंच किट म्हणून लहान पोराला हे देऊ नका. हात बसलेल्याला द्या, नाहीतर माझ्यासारख्या रिकामटेकड्याला. बोनेटची फट धरूनही मला पैसे वसूल वाटले.

गाडी अर्ध्या अमेरिकी टनाची, म्हणजे साधारण साडेचारशे किलो, पन्नास किलोची नऊ पोती. मी मोजून नऊ ठेवली. सकाळी बघतो तर नातवानं चौदा रचलीत, फाळका उघडा टाकून वर दोरी आवळलेली. ओव्हरलोड आहे म्हटलं, तर म्हणतो, "मार्केट यार्डात सगळे असंच भरतात."