स्विस टाइप लेथ: भोसरीतल्या वर्कशॉपमधला सात-आठ महिन्यांचा अनुभव

स्विस टाइप लेथ, म्हणजे लांब-बारीक पार्ट बारमधून (धातूच्या गोल सळईतून) कातणारं मशीन, घ्यावं का, असं भोसरी-चाकणकडचे बरेच जण विचारतात. आमच्याकडे २० मिमी व्यासापर्यंतचा बार घेणारं मशीन दोन्ही शिफ्टला चालतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घेतलं ते एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) च्या पिनसाठी. व्यास ४ मिमी, लांबी ६० मिमी, टोकाला फ्लॅट (सपाट केलेली बाजू) आणि आडवं भोक. साध्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर कॉलेटबाहेर, म्हणजे बार धरणाऱ्या पकडीबाहेर, आलेला बार टूलच्या दाबाने वाकतो. बाहेरची लांबी दुप्पट केली की वाक आठपट. पिनला टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) यायचाच. स्विस टाइपमध्ये टूल लांबीच्या दिशेने जागेवर राहतं आणि हेडस्टॉक (बार धरून फिरवणारा भाग) बार घेऊन पुढे सरकतो. टूलला अगदी लागून गाइड बुश (बार ज्यातून सरकतो ती नळी) बारला आधार देतो, त्यामुळे लांबी कितीही असो, कटिंग आधाराजवळच होतं. घड्याळाचे बारीक स्क्रू करायला एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये निघालेली ही युक्ती आजही तितकीच चोख चालते. आमची पिन आता फ्लॅट, भोक, मागची बाजू सगळं एकाच सेटिंगमध्ये होऊन बाहेर पडते. दुसरं ऑपरेशन उरलंच नाही.

पण या मशीनचा जीव बारमध्ये आहे, हे विकणारा ठासून सांगत नाही. बुश आणि बार यांच्यात फट काही मायक्रॉनचीच. बारच्या व्यासात किती फरक चालेल ते एच९, एच७ अशा ग्रेडने सांगतात: ४ मिमीच्या बारला एच९ म्हणजे ३० मायक्रॉनची मुभा, एच७ म्हणजे १२. एच९ बार लावला की बार बारीक असेल तिथे बुश सैल पडतो आणि साइज हलते, जाड असेल तिथे बार आवळतो. एका पुरवठादाराकडून आलेल्या लॉटमध्ये बार मधेच जाड निघाला, बुशमध्ये अडकला आणि बुशच्या आतल्या कार्बाइडच्या कठीण अस्तरावर ओरखडे पडले. तेव्हापासून सेंटरलेस ग्राइंडिंग केलेलाच (पूर्ण लांबीभर एकसारख्या व्यासाला घासलेला) बार घेतो. फीडरमध्ये (मशीनला बार पुरवणाऱ्या यंत्रात) घालण्याआधी प्रत्येक बार दोन्ही टोकांना आणि मधे मायक्रोमीटरने मोजतो, सरफेस प्लेटवर लोळवून सरळ आहे का बघतो, टोकाची कड तिरकी कापतो (चॅम्फर). किलोमागे पैसे जास्त जातात, पण रिजेक्शन इतकं उतरलं की ते टोचत नाहीत.

सीएनसीवरच्या सेटरला (मशीन जुळवणाऱ्या कारागिराला) सवय बदलावी लागते. आधी पूर्ण लांबी रफ (ढोबळ) कापायची, मग फिनिश करायची, असं इथे चालत नाही. बारीक केलेला भाग मागे बुशमध्ये गेला की आधार संपला! टप्प्याटप्प्याने, शक्यतो एकाच कटमध्ये साइज गाठायची. आमच्या सेटरने हे महिनाभरात आत्मसात केलं, त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

एसएसच्या लांबलचक चिप्स (कापलेल्या धातूच्या पट्ट्या) सब-स्पिंडलला (मागची बाजू करताना जॉब धरणाऱ्या दुसऱ्या स्पिंडलला) गुंडाळतात, तेव्हा चिप्स तोडणारा चिपब्रेकर काळजीपूर्वक निवडा. आम्ही 'नीट' ऑइल, म्हणजे पाणी न मिसळलेलं कटिंग तेल, वापरतो. फिनिश सुंदर येतं, पण धूर होतो आणि आगीचा धोका असतो. मिस्ट कलेक्टर (तेलाचा धूर-धुकं ओढून घेणारं यंत्र) आणि आग विझवायची सोय पहिल्या दिवसापासून हवी. ३ मीटरच्या बारमागे साधारण २०० मिमीचा तुकडा वाया जातो, तो कोटेशनमध्ये धराच. आखूड जॉबला बुश काढून चालवायची सोय असेल तर हा तुकडा बराच कमी होतो.

जॉब व्यासाच्या तिप्पट-चौपट लांब नसेल, किंवा लॉट शे-दोनशेचा असेल, तर साधं सीएनसीच परवडतं. डेमोला जाताना मात्र स्वतःचा बार आणि स्वतःचं ड्रॉइंग न्या. मशीन सलग काही तास चालवायला लावा आणि पहिला, मधला, शेवटचा जॉब स्वतः मोजा.