चार रविवारांचा रॅप-लेखन वर्ग : एका मराठीच्या शिक्षिकेचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात, एका शिकवणीच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या रॅप-लेखनाच्या वर्गाला मी सलग चार रविवार परभणीहून जाऊन बसले. शुल्क 1,600 रुपये, वेळ सकाळी दहा ते एक, विद्यार्थी अठरा. त्यांत पन्नाशी ओलांडलेली मी एकटीच होते आणि माझ्या शेजारी माझी भाची होती. जाण्याचे कारण सांगणे आवश्यक आहे, कारण माझा सारा अभिप्राय त्यावर उभा आहे. अकरावीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, ‘‘मॅडम, रॅपला कविता म्हणायचं का?’’ मी लगेच ‘नाही’ म्हणाले, पण का नाही ते मला सांगता आले नाही, आणि बावीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट फार लागली. या वर्गाच्या जाहिरातीत ‘रॅप हीच आजची कविता’ असे ठळक छापलेले होते. तो दावा वर्ग कितपत सिद्ध करतो, एवढ्याच दृष्टीने मी तेथे गेले.

पहिला रविवार इतिहासाचा होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी डीजे कूल हर्क यांच्या बहिणीने ठेवलेला समारंभ, दोन तबकड्यांवर गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची त्यांची युक्ती आणि त्या तालावर माइकवरून बोलणारी माणसे हळूहळू रचना कशी करू लागली, हे शिक्षकांनी चांगले सांगितले. मात्र रॅप ही कविता आहे हे पटवण्यासाठी त्यांनी दिलेले दोन्ही पुरावे लंगडे होते. ‘रॅप’ हे ‘रिदम अँड पोएट्री’ या शब्दांचे लघुरूप आहे असे त्यांनी फळ्यावर लिहिले. वास्तविक हा शब्द ठोकणे, टकटक करणे या अर्थाने इंग्रजीत शतकानुशतके आहे, पुढे त्याला बोलण्याचा अर्थ आला आणि ते लघुरूप त्यावर मागाहून बसवलेले आहे. दुसरा पुरावा अमेरिकी रॅपर केंड्रिक लमार यांना 2018 मध्ये मिळालेल्या पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पारितोषिकाचा. ते पारितोषिक संगीत विभागातले होते. पुलित्झरमध्ये कवितेचा विभाग वेगळा असतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. मी हे नम्रपणे सांगितले, तेव्हा शिक्षकांनी ते वहीत टिपून घेतले. हा माणूस ऐकून घेणारा आहे, ही खूण मला तेव्हाच पटली.

खरे शिकणे दुसऱ्या रविवारी झाले, आणि केवळ त्या तीन तासांसाठीही मी पूर्ण शुल्क दिले असते. रॅपची एक ओळ, ज्याला हे लोक ‘बार’ म्हणतात, चार ठोक्यांची असते आणि अशा सोळा ओळींचे एक कडवे धरले जाते. मिनिटाला नव्वद ठोक्यांची लय ठेवली तर ते कडवे सुमारे त्रेचाळीस सेकंदांत संपते. एवढ्या जागेत काय मावते हे बघायचे असेल तर अक्षरे मोजावी लागतात, आणि येथेच माझ्या आयुष्यभराच्या मोजणीला धक्का बसला. अभंग म्हणताना ‘घर’ या शब्दातला शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतो आणि मोजतोही. रॅप मात्र बोलण्यातल्या उच्चारावर चालते. ‘पाऊस पडत नाही’ हे अभंगाच्या हिशेबाने आठ अक्षरांचे वाक्य तोंडात सहाच घासांचे होते : पा-ऊस, प-डत, ना-ही. शिक्षकांनी टाळी वाजवत हे वाक्य आमच्याकडून वीस वेळा म्हणवून घेतले. मग ते म्हणाले, ‘‘आता तुमच्या घरी बोलता तसं म्हणा.’’ लातूरची मुलगी ‘पाऊस पडंना’ म्हणाली, नांदेडचा मुलगा ‘काय करायलास’ घेऊन आला, आणि माझ्या लक्षात आले की ‘जायलो’, ‘करायलो’ ही आमच्याकडची रूपे त्या ठोक्यावर प्रमाण भाषेतल्या ‘जात आहे’, ‘करत आहे’ यांपेक्षा किती सहज बसतात. वर्गात ज्या रूपांखाली मी वर्षानुवर्षे लाल रेघ ओढली, त्यांची लय मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

यमकाबद्दलही शिक्षकांचा कान नेमका आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे ‘येतो-जातो-खातो’ असे यमक फुकट मिळते आणि फुकटच वाटते. म्हणून एक नियम होता : ओळीचा शेवट क्रियापदावर करायचा नाही, आणि यमक किमान तीन अक्षरांचे हवे. नवोदितांच्या कविता तपासताना मला जो कंटाळा येतो त्याचे कारण आणि औषध एका वाक्यात मिळाले. हा नियम मी आता माझ्या वर्गातही लावला आहे.

तिसऱ्या रविवारी शिक्षकांनी संगीत बंद केले आणि प्रत्येकाला आपली रचना नुसती वाचायला लावली. त्यांच्या मते बीट, म्हणजे मागे वाजणारा ताल, काढून टाकल्यावर जे शिल्लक राहते तेवढेच काव्य. बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोड कामगाराच्या घरातल्या एका मुलाने वाचले :

दसरा सरला की गाव होतं रिकामं,
पटावर नाव माझं, फडात माझी कामं.

‘रिकामं’ आणि ‘माझी कामं’ यांचे यमक कानाला आधी कळते आणि त्यातला अर्थ क्षणभराने. शाळेचा पट एकीकडे आणि उसाचा फड दुसरीकडे, एवढ्यात त्या मुलाचे सहा महिने आले. ज्या फडात शाहीर उभा राहतो तोही फडच, हे त्याच्या मनात होते की नाही मी विचारले नाही. उचल, मुकादम, पाचट, कोपी हे ऊसतोडीतले शब्द त्याच्या पुढच्या ओळींत कुठेही सजावटीसाठी आले नव्हते. खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. याला मी कविता म्हणणार नसेन तर मला तो शब्द वापरण्याचा अधिकार नाही, असे मला वाटले.

पण शिक्षकांची कसोटी मला तरीही मान्य नाही. माझ्या भाचीची रचना बीट बंद होताच कोसळली आणि तिचे डोळे भरले. तीच रचना दहा मिनिटांपूर्वी तालावर ऐकताना सगळ्यांच्या माना डोलत होत्या. मला माझी आजी आठवली. जात्यावरच्या ओव्या सांग म्हटले की तिला आठवत नसत. हात खुंट्याला लागला, जाते फिरू लागले की मग एकामागून एक ओव्या येत. ती घरघर ओवीच्या बाहेरची होती असे कोण म्हणेल? तालावाचून उभी राहणारी रचना जशी कविता आहे, तशीच तालात मिसळून जाणारीही असू शकते, आणि जनाबाईंचे गंगाखेड ज्या मुलखात आहे तेथे हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. कागदावर वाचून बघा आणि मग ठरवा, ही सवय आपल्याला छापखान्याने लावली. माझ्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणताना मी कागदच डोळ्यांसमोर धरला होता.

वर्गाची सर्वांत मोठी उणीव याच ठिकाणी आहे. वर्गात दिलेल्या चाळीस पानांच्या पुस्तिकेत अमेरिका आणि मुंबई आहे, मराठवाडा एका ओळीपुरताही नाही. मध्वमुनीश्वरांचे शिष्य, कवी अमृतराय अठराव्या शतकात याच शहरात राहिले, आणि त्यांचे कटाव म्हणजे अनुप्रासांनी ठासून भरलेली, कीर्तनात द्रुत लयीत, श्वास राखत म्हणायची रचना. रॅप शिकणाऱ्याला याहून जवळचा पूर्वज कोठे मिळेल? समर्थ रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे. मनाच्या श्लोकांतल्या भुजंगप्रयात वृत्ताची एक लघु, दोन गुरू अशी चार वेळा येणारी पावले मुलांकडून टाळीवर म्हणवून घेतली, तर लघु-गुरूचा धडा दहा मिनिटांत होईल. मुलांना एकमेकांना रॅपमधून उत्तर देण्याच्या सामन्याचा खेळ दिला तेव्हाही कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांचा उल्लेख झाला नाही. शिवाय पुस्तिकेतल्या मराठी ओळी रोमन लिपीत छापल्या आहेत, त्यामुळे ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक नाहीसा होतो, आणि ज्या कलेचा जीव उच्चारात आहे तिचे यात नुकसान होते.

चौथा रविवार ध्वनिमुद्रणाचा. बहुतेक वेळ मोबाइलवर टाकायच्या चित्रफितींत गेला. रचनांवर शेवटचा हात फिरवायचे राहूनच गेले. लहान खोलीत आवाज फार मोठा ठेवतात, आणि वरच्या मजल्याच्या जिन्यावर दिवा नाही.

तरीही ज्यांना शब्दांची आवड आहे, विशेषतः मराठीच्या शिक्षकांनी, हा वर्ग करावा असे मी मनापासून सांगते. वय आड येत नाही. रचना वाचून दाखवताना मला कोणी हसले नाही. शिव्या रचनेत चालतील का, असे पालक विचारतात. येथे त्यांवर बंदी नाही, पण ती ओळ शिवीवाचून लिहून बघायला लावतात, आणि बहुतेक मुले दुसरीच ओळ ठेवतात. पुढची तुकडी पुढच्या महिन्यात आहे. अमृतरायांच्या दोन कटावांच्या छायाप्रती मी शिक्षकांना दिल्या आहेत, आणि दुसऱ्या रविवारी ते स्वतः म्हणून दाखवीन असे त्यांनी कबूल केले आहे. परभणी-जालन्याकडून येणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी आणि तो रविवार तरी चुकवू नये.