बाणेरच्या एका संकुलातील सामाईक सुविधा : भाडेकरूने लिहिलेले परीक्षण

पुण्यात बाणेर-बालेवाडी पट्ट्यातील एका मोठ्या निवासी संकुलात आम्ही सहकुटुंब भाड्याने राहतो. घराबद्दल आमची तक्रार नाही आणि घरमालकाबद्दलही नाही. येथे परीक्षण करायचे आहे ते संकुलातील पोहण्याच्या तलावाचे, क्लबहाऊसचे, सभागृहाचे, लिफ्टचे आणि पार्किंगचे, तसेच त्यांच्या वापरावर नियमांचा पहारा ठेवणाऱ्या कमिटीच्या कारभाराचे. भाड्याची जाहिरात वाचताना या सुविधांची छायाचित्रे सर्वांत आधी दिसतात आणि भाड्याचा आकडाही बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच वाढतो, म्हणून त्या भाडेकरूच्या हाती प्रत्यक्षात किती पडतात हे सांगणे आवश्यक वाटते.

बोलताना सगळे ‘सोसायटी’ म्हणत असले, तरी ही सहकारी गृहनिर्माण संस्था नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र नोंदवून स्थापन झालेले हे कंडोमिनियम आहे. अशा ठिकाणी प्रत्येक सदनिकेबरोबर सामाईक जागा आणि सुविधांमधील अविभक्त हिस्सा टक्केवारीत ठरलेला असतो आणि सामाईक खर्चही त्याच प्रमाणात वाटला जातो. मालकाप्रमाणेच त्याचा भाडेकरूही घोषणापत्राला आणि उपविधींना बांधील आहे, असे हा कायदा स्पष्टपणे सांगतो. त्यामुळे ‘आम्ही भाडेकरू, तुमच्या नियमांशी आम्हाला काय करायचे’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही आणि तो करण्यात अर्थही नाही. मात्र नियम पाळण्याची सक्ती सर्वांवर आणि सुविधांचा पूर्ण लाभ फक्त मालकांना, अशी विभागणी कमिटी करू लागली की त्याच टक्केवारीचा हिशेब तिच्यासमोर मांडता येतो.

प्रवेशाची प्रक्रिया कडक आहे, परंतु बहुतांशी रास्त आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पावती, सर्वांची छायाचित्रे आणि घरमालकाच्या सहीचा अर्ज मागतात. कराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार सक्तीचीच आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, त्यामुळे या मागणीला हरकत घेण्याचे कारण नाही. अडले ते सहीपाशी. आमचे घरमालक परदेशी असतात आणि कार्यालयाला अर्जावर शाईचीच सही हवी होती. ईमेलवरील संमती अखेर चालली, पण तोपर्यंत क्लबहाऊसचे कार्ड सुरू झाले नाही. सामान चढवण्यासाठी फक्त सर्व्हिस लिफ्ट, तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि रविवारी मुळीच नाही. प्रत्येक इमारतीला एकच सर्व्हिस लिफ्ट असल्यामुळे वेळ ठरवून देणे समजू शकते. नोकरदार माणसाला मात्र त्यासाठी रजा काढावी लागते. लिफ्टच्या संभाव्य नुकसानीसाठी घेतलेले डिपॉझिट परत मिळवायला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. मालक स्वतः राहायला येतो तेव्हा हे डिपॉझिट घेत नाहीत. मालकाचे कपाट आरशावर आपटत नाही, असा बहुधा अनुभव असावा.

पोहण्याचा तलाव ही या संकुलाची सर्वांत चांगली चालवलेली सुविधा आहे आणि ती चांगली राहण्याचे श्रेय नियमांच्या काटेकोरपणालाच द्यावे लागते. पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर, डोक्याला टोपी, नायलॉनचाच पोशाख, लहान मुलांबरोबर मोठे माणूस, काठावर खाणेपिणे नाही आणि सोमवारी सफाईसाठी सुट्टी, असे हे नियम आहेत. सुती कपड्यांचे धागे सुटून गाळणीत अडकतात, त्यामुळे सुती हाफपँट चालत नाही. कमिटीतील एका सदस्याच्या पाहुण्यालाही जीवरक्षकाने याच कारणासाठी काठावरून परत पाठवलेले मी पाहिले आहे. पाणी नितळ असते, क्लोरीनची नोंद फलकावर रोज लिहिलेली असते आणि वेळा ठरवून दिल्यामुळे गर्दी होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत टँकर सुरू झाले की तलाव बंद ठेवतात. मुले हिरमुसतात, पण शहरातील पाण्याची स्थिती पाहता हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

खटकते ते पाहुण्यांच्या नियमात. मालकाला शुल्क भरून दोन पाहुणे तलावावर नेता येतात, भाडेकरूला एकही नाही. दिवाळीच्या सुट्टीत आलेली भाचरे आमची मुले पोहत असताना जाळीच्या कुंपणाबाहेर बसून राहिली, हे कोणत्याही यजमानाला शोभणारे नाही. भाडेकरू, विशेषतः एकत्र राहणारी तरुण मुले, गर्दी जमवतात असे कार्यालयात सांगितले गेले. दोन पाहुण्यांची मर्यादा आणि शुल्क हे दोन्ही उपाय गर्दीसाठीच आहेत आणि ते भाडेकरूलाही तितकेच लागू करता आले असते.

येथेच एका चांगल्या नियमाचा उल्लेख केला पाहिजे. सदनिका भाड्याने गेली की मालकाच्या कुटुंबाची क्लबहाऊसची कार्डे बंद होतात आणि तेवढीच कार्डे भाडेकरूच्या नावे सुरू होतात, त्यामुळे एका घराचा भार सुविधांवर दोनदा पडत नाही. ही व्यवस्था न्याय्य आहे. परंतु वापराचा हक्क असा पूर्णपणे भाडेकरूकडे दिल्यावर आणि त्या सदनिकेच्या हिश्श्याचा देखभाल खर्च नियमितपणे वसूल होत असताना, वाढदिवसासाठी सभागृह घेताना भाडेकरूकडून दुप्पट आकार कशाच्या आधारावर घेतला जातो, याचे उत्तर कमिटीजवळ नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ एवढेच ऐकायला मिळते. याशिवाय घर भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून दरमहा वेगळा आकार घेतात आणि तो आमच्या भाड्यात मिसळलेला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत अशा बिनभोगवटा शुल्कावर शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या निर्णयाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. तो निर्णय त्या संस्थांसाठी असला, तरी कंडोमिनियमच्या कमिटीने निदान तेवढे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नसावी.

जिम साधी आणि पुरेशी आहे. पार्किंगमध्ये सदनिकेच्या वाट्याची एक जागा मिळते. दुसऱ्या दुचाकीचे स्टिकर मागावे लागते, पण मिळते. पाहुण्यांची गाडी रात्री ठेवू देत नाहीत आणि हा नियम मालकांनाही तसाच लागू आहे, म्हणून त्याविषयी कोणी कुरकुर करत नाही.

तक्रार करण्याची सोय हा या सेवेचा सर्वांत दुबळा भाग आहे. फाटकावरील अ‍ॅपमध्ये नळ, दिवे किंवा लिफ्टची तक्रार टाकली तर माणूस त्याच दिवशी येतो. नियमाविषयी प्रश्न विचारला तर ‘मालकामार्फत कळवावे’ असे लिहून तो बंद केला जातो. वार्षिक सभेत भाडेकरूला बसता येत नाही. सभागृहाच्या दुप्पट शुल्काचा प्रश्न आम्ही घरमालकाच्या नावाने लेखी पाठवला तेव्हा तो विषयपत्रिकेवर आला आणि पुढील सभेपर्यंत लांबणीवर पडला. घरमालक पत्र लिहिण्यास तयार असेल तरच येथे भाडेकरूचा आवाज पोहोचतो.

तलावासाठी पाचपैकी साडेचार, रोजच्या देखभालीसाठी चार आणि भाडेकरूला मिळणाऱ्या वागणुकीसाठी दोन, असे गुण मी देईन. मुले लहान असतील आणि पोहण्याची आवड असेल तर घर जरूर पाहावे. घरी समारंभ वरचेवर होत असतील तर सभागृहाचे दर आधी विचारावेत. टोकन देण्यापूर्वी घरमालकाकडून नियमपुस्तिका मागून घ्यावी आणि कार्डांची संख्या, पार्किंगचा क्रमांक, भाड्याने दिल्याचा आकार कोण भरणार आणि सामान हलवण्याचे डिपॉझिट कोणाच्या नावे राहणार, हे करारातच लिहून घ्यावे. कराराची मुदत संपते त्या रात्री कार्डे आपोआप बंद होतात आणि नव्या कराराची नोंदणीकृत प्रत पोहोचेपर्यंत सुरू होत नाहीत; घरमालक परगावी असेल तर नूतनीकरणाचे काम किमान महिनाभर आधी हाती घ्यावे.