नवी पेठेतली कॅमेरा दुरुस्ती: कॅनन एई-१

कॅनन एई-१ हा जुना फिल्म कॅमेरा. तो दुरुस्त करणाऱ्या इथल्या कारागिराचा हात सफाईदार, वेळेचा मात्र भरवसा नाही. शटर दाबल्यावर येणारी 'कीं' ही आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकल्याची खूण. इथे सुईच्या टोकाने घड्याळाचं तेल, तेही जेमतेम थेंबभर, नेमक्या गिअरवर सोडतात. जास्त झालं तर ते पसरून शटर अडकतं. मागच्या झाकणाचा चिकट झालेला फोम आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून नवा लावतात. स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे. साध्या फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाच्या) स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात, हे इथे सांगावं लागत नाही. सर्व्हिस मॅन्युअलची प्रिंट आपणच न्यावी. ग्राहकाची माहितीपुस्तिका नको, सुट्या भागांच्या आकृत्या आणि पार्ट नंबर असलेलीच हवी. सहा व्होल्टची बॅटरीही सोबत ठेवा, तिच्याशिवाय शटर पडतच नाही.