आघाडी की तिसरा पक्ष? विदर्भातल्या पुरोगामी मताचा हिशेब

"काहून मत वाया घालवतं गा?" निवडणूक आली की अकोल्या-बुलडाण्याकडच्या पारावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा काँग्रेसचा जुना माणूस असतो. समोरचा प्रकाश आंबेडकरांच्या वंचितकडे, बसपाकडे, लाल बावट्याकडे किंवा एखाद्या शेतकरी नेत्याकडे कललेला. महायुती दोघांनाही नको असते. वाद एवढाच की तिला पाडायला मत काँग्रेस आणि साथीदारांच्या आघाडीला द्यायचं, की ज्याचं म्हणणं पटतं त्या तिसऱ्याला.

आधी "मतं खाल्ली" हा आरोप तपासू, कारण सगळा जोर त्यावरच असतो. २०२४ च्या लोकसभेला अकोल्यात काँग्रेस सुमारे ४० हजारांनी पडली आणि प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं होती. बुलडाण्यात आघाडी तीस हजारांच्या आत पडली, आणि अपक्ष रविकांत तुपकरांची मतं अडीच लाखांच्या घरात. इथे आघाडीवाल्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

पण त्याच अकोल्यात २०१९ ला काय झालं होतं? आंबेडकर दुसरे, काँग्रेस तिसरी. मग कोणी कोणाची खाल्ली? बरं, दोघांची बेरीज केली तरी ती भाजपच्या मतांपेक्षा कमीच भरते. त्याच वर्षी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या एकमेकांशेजारच्या मतदारसंघांत वंचितला प्रत्येकी लाखावर मतं पडली. चंद्रपुरात तरीही काँग्रेस निवडून आली, राज्यातली तिची तेवढी एकच जागा. गडचिरोलीत ती पाऊण लाखाच्या फरकाने पडली. म्हणजे तिसरा उभा राहिला की आघाडी पडतेच, असा नियम काही निघत नाही. शिवाय तुपकरांना सोयाबीन-कापसाच्या भावासाठी पडलेलं मत ते नसते तर आघाडीलाच गेलं असतं, हे कशावरून? त्यातलं बरंच पलीकडेही गेलं असतं.

आता दुसरी बाजू. आघाडीला मत दिल्याने हाती काय लागतं? सरकार बदलण्याची खरी शक्यता, आणि ती लहान गोष्ट नाही. तिसऱ्याला दिल्याने त्याचं वजन वाढतं. १९९८ ला काँग्रेसने रिपब्लिकन नेत्यांना चार जागा सोडल्या आणि चारही आल्या. त्यातल्या अकोला, अमरावती, चिमूर या तीन विदर्भातल्या. जागा सोडली तर ही मतं जिंकून देतात, हे तेव्हाच दिसलं होतं. २०१९ ला वंचितने एवढी मतं घेतली नसती, तर २०२४ ला आघाडीने चर्चेला बोलावलं असतं का? मला तरी वाटत नाही. चर्चा फिसकटली, त्यात दोन्हीकडचा हट्ट होता. तरी नागपुरात वंचितने काँग्रेसलाच पाठिंबा दिला होता, हे त्याला भाजपची "बी टीम" म्हणणारे सोयीने विसरतात.

तिसऱ्याची कमजोरी मतांइतकीच चिन्हातही आहे. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी तर विधानसभेत सहा टक्के मतं आणि दोन आमदार लागतात. लोकसभेत सहा टक्के आणि एक खासदार. नुसत्या मतांवर यायचं तर आठ टक्के. तोवर हक्काचं चिन्ह नाही. वंचितला कधी गॅस सिलिंडर, कधी प्रेशर कुकर. पंजा डोळे मिटून सापडतो. कुकर कुठल्या बटणावर आहे हे म्हातारीला घरोघर जाऊन सांगायला माणसं लागतात, आणि माणसं फिरवायला पैसा. म्हणून हरणाऱ्या तिसऱ्याला दिलेल्या मतालाही थोडी किंमत आहे, ते त्या टक्क्यात धरलं जातं.

निवडून आल्यावर तिसरा टिकतो का? बच्चू कडूंच्या प्रहार पक्षाचं उदाहरण कटू आहे. २०१९ ला अचलपूर आणि मेळघाट असे दोन आमदार आले, बच्चू कडू आघाडी सरकारात राज्यमंत्री झाले, २०२२ ला शिंदेंसोबत गेले, आणि २०२४ ला दोन्ही जागा गेल्या. पण अशोक चव्हाण तर काँग्रेसचे मुख्यमंत्री राहिलेले, तेही भाजपात गेलेच. तेव्हा उड्या मारण्यावरून दोघांत निवड करण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरा फरक निवडणूक कोणती यात आहे. लोकसभेला लढत अटीतटीची असेल, तर मी आघाडीचं बटण दाबायला सांगेन, नाक मुठीत धरून का होईना. जिथे निकाल एकतर्फी लागणार हे गावाला आधीच ठाऊक असतं, तिथे मत आवडीचं द्यावं. आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीला तिसऱ्याचा विचार आधी करावा. तिथे गट लहान, उमेदवार ओळखीचा, फरक थोडा. अकोला जिल्हा परिषदेत आधी भारिप (आंबेडकरांचाच आधीचा पक्ष) आणि मग वंचित बरीच वर्षं सत्तेत राहिली ती अशीच. २०१७ ला गडचिरोलीत तर पक्षच बाजूला ठेवून ग्रामसभांनी वनहक्क आणि खाणविरोधाच्या मुद्द्यावर स्वतःचे उमेदवार उभे केले, आणि त्यातले काही निवडून आले. मोठ्या पक्षाच्या तिकिटावर ही माणसं आली असती असं वाटत नाही.

नोटाचं, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" या बटणाचं म्हणाल तर तो राग आहे. लोकसभा-विधानसभेला त्याने ना कोणी पडतं, ना कोणाचं वजन वाढतं.

ठरवण्याआधी एक काम करा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो, त्यात बूथनिहाय मतं असतात. आपल्या आणि आजूबाजूच्या चार गावांचे गेल्या दोन निवडणुकांचे आकडे वहीत उतरवून घ्या. आघाडीची मतं कुठे गेली, तिसऱ्याला कुठल्या वस्तीतून पडली, हे दिसेल. मग पारावर कोणी "वाया गेलं" म्हणालं, तर वही पुढे करा.