कराटेनंतर बॉक्सिंग: मधे किकबॉक्सिंग करावं की सरळ जावं?

कराटेत पाच-सहा वर्षं गेलीयेत आणि आता प्रो बॉक्सिंगचं डोक्यात बसलंय, अशा पोरांना हा प्रश्न पडतोच. मी आधी किकबॉक्सिंगचा रस्ता धरला होता, दीड वर्षाने सोडून बॉक्सिंगला गेलो. प्रोपर्यंत काही पोचलो नाही, पण दोन्हीकडचा मार खाल्लाय म्हणून लिहितोय.

किकबॉक्सिंगवरून जायचं तर आदर्श म्हणजे तेनशिन नासुकावा. जपानच्या चिबाचा, पाच वर्षांचा असताना कराटे सुरू, २०१४ मध्ये पंधराव्या वर्षी प्रो किकबॉक्सर, तिथे ४२ फाईट्स आणि एकही हार नाही. जून २०२२ मध्ये टोकियो डोममध्ये ताकेरू या किकबॉक्सरला हरवून ते सगळं सोडलं आणि एप्रिल २०२३ मध्ये बॉक्सिंगमध्ये उतरला. त्याचं अंतराचं भान बघा, समोरचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकायच्या आत हा तिथून गेलेला असतो, हे लाथांच्या खेळातूनच आलंय असं मला वाटतं. शिवाय मोठ्या गर्दीपुढे खेळायची सवय, ती कुठल्या जिममध्ये मिळणार?

दुसरीकडे सरळ बॉक्सिंगच्या रस्त्याने गेलेले जपानचेच इनोए भाऊ. थोरला नाओया सहाव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली फक्त बॉक्सिंग, २०१२ मध्ये प्रो आणि सहाव्याच फाईटला वर्ल्ड चॅम्पियन. धाकटा ताकुमा त्याच घरात तयार झालेला.

आता मला जे नडलं ते सांगतो. बॉक्सिंगमध्ये हूक (बाजूने वळून येणारा ठोसा) आला की गुडघ्यात बसून खालून निघायचं असतं. किकबॉक्सिंगमध्ये तसं डोकं खाली नेलं की तोंडावर गुडघा नाहीतर लाथ, त्यामुळे शरीर ताठ राहायला शिकतं, आणि पुढचा पाय लाथ अडवायला हलका ठेवलेला असतो त्यामुळे पंचमागे वजनच येत नाही. कोच रोज ओरडायचे "बस खाली", मला समजायचं पण कंबर वाकायचीच नाही, पॅडवर जमायचं आणि स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) पहिला हूक आला की परत ताठ. हे घालवायला मला वर्षभराच्या वर लागलं, कदाचित दुसऱ्या कुणाला कमी लागेल. आणि किकबॉक्सिंगच्या तीन राउंडांची घाई सुटायला वेगळा वेळ.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोत तेनशिन आणि ताकुमा डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेच्या बँटमवेट वजनगटाच्या जगज्जेतेपदासाठी समोरासमोर आले. बारा राउंड झाले आणि गुणांवर ताकुमा जिंकला, तेनशिनची प्रो बॉक्सिंगमधली पहिली हार. एका फाईटवरून निकाल लावू नये हे मान्य. थायलंडचा सेनसाक मुआंगसुरिन मुए थाईतूनच (थायलंडच्या लाथा-गुडघ्यांच्या खेळातून) आला आणि १९७५ मध्ये तिसऱ्याच बॉक्सिंग फाईटला वर्ल्ड चॅम्पियन झाला, म्हणजे रस्ता बंद नाहीये. पण तशी माणसं किती असतात?

माझ्या धाकट्या भावाचं कराटे सुटल्यावर मी त्याला मधे कुठेही न घालता सरळ बॉक्सिंगला घातलं. तिसऱ्या महिन्यातच तो हूकखालून निघायला लागला.