समृद्धीवरून विदर्भ: दोघांच्या गाडीप्रवासासाठी या रस्त्याचं परीक्षण

रस्ता म्हणून समृद्धी महामार्गाला आम्ही पाचपैकी चार गुण देतो. विदर्भ दाखवणारा रस्ता म्हणून मात्र दोनच. दोन्ही गुणांचं कारण एकच आहे: हा रस्ता तुम्हाला कुठेही थांबायला लावत नाही. भिवंडीजवळचं आमणे ते नागपूरजवळचं शिवमडका, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे आणि एकही सिग्नल नाही. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. आता सकाळी मुंबईहून निघालेलं जोडपं दिवेलागणीच्या आत नागपुरात पोचतं, आणि वाटेत विदर्भाचा एकही माणूस त्यांच्याशी बोललेला नसतो.

आमच्यात एकाचं घर नागपूरचं, एकाचं पुण्याचं. त्यामुळे दोन्हीकडचे समज आमच्या कानावर कायम असतात. पुण्याकडे म्हणतात, विदर्भात ऊन आणि तिखट सोडून काय आहे? नागपूरकडे म्हणतात, पुण्याची माणसं पाणीसुद्धा विचारून देतात. ‘लांब आहे हो’ ही सबब या रस्त्याने संपवली. उरलेले समज संपायचे तर गाडी खाली उतरवावी लागते. कुठे उतरवायची आणि त्याआधी काय तपासायचं, ते इथे लिहितो.

आधी टायर. ताशी १२० ही कारची कमाल मर्यादा आहे (घाटात कमी), आणि रस्ता काँक्रीटचा. टायर फुटल्याचा दोष लोक काँक्रीटला देतात, पण बहुतेक वेळा कारण कमी हवा हेच असतं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून तापते, आणि तासभर सलग वेगात तापत राहिली की आतले थर सुटतात. म्हणून हवा सकाळी टायर थंड असताना भरा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये सामानासह भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा घ्या. धावताना दाब चार-सहा पीएसआयने वाढतो. तो वाढणारच, तो धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो, म्हणून वाटेतल्या पंपावर गरम टायरमधली हवा कमी करू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी, या रस्त्यावर आणू नये. स्टेपनीही याच हिशेबाने बघा. ती सगळ्यात जुनी असते.

दुसरी गोष्ट झापड. वळण नाही, खड्डा नाही, समोर कोणी आडवं येत नाही. डोळे उघडे आणि मेंदू झोपलेला अशी अवस्था इथे सहज येते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. त्या अपघाताचं कारण काहीही असो, रात्रीचा प्रवास इथे करूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दोघांनाही गाडी येत असेल तर दीड तासाने चालवणारा बदला, थकवा आलेला नसला तरी. ‘हे चालवतात, मी शेजारी बसते’ हा रिवाज या रस्त्यावर धोक्याचा आहे, कारण शेजारचं माणूस आधी झोपतं आणि मग चालवणाऱ्याशी बोलायला कोणी उरत नाही. आणि बाई चालवते म्हटल्यावर भुवया उंचावणारे लोक विदर्भात जास्त भेटतील, असं समजून निघू नका. तसा फरक आम्हाला कुठे दिसलेला नाही.

गाडी बंद पडली तर कडेच्या पट्ट्यावर गाडीत बसून राहायचं नाही. धोक्याचे दिवे लावा, दोघंही डावीकडून उतरा आणि कठड्यापलीकडे उभे राहून मदत मागवा. मागून येणारा ट्रक उभ्या गाडीला ठोकतो, हा इथला नेहमीचा अपघात आहे.

टोल बंद पद्धतीचा आहे: चढताना फास्टॅगवर नोंद होते, उतरताना जितके किलोमीटर झाले तितके पैसे कापले जातात. एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत साधारण १४४५ रुपये. या पद्धतीचा फायदा फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. मध्ये उतरून पुन्हा चढलात तरी जवळजवळ तितकेच पैसे लागतात, कारण हिशेब अंतराचा आहे, नाक्यांचा नाही. त्यामुळे वाटेत उतरायचं नाही याला पैशाचं कारण उरत नाही. इंधन पाव टाकीवर येण्याची वाट बघू नका, अर्ध्यावर आलं की भरा. पंप आहेत, पण एक चुकला की पुढचा बराच लांब असतो. खाण्याच्या सोयी आणि स्वच्छतागृहं हीच या रस्त्याची पडती बाजू आहे आणि आमचा कापलेला एक गुण त्यासाठीच आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी शिर्डीकडे न जाता अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावं आणि माळीवाडा किंवा सावंगीला चढावं.

आता उतरण्याच्या जागा. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, म्हणजे लखुजी जाधवांचा राजवाडा. तो बघायला तास पुरतो, आणि वाटेतच आहे. त्याहून जास्त वेळ मेहकरसाठी राखा. मेहकरला उतरून साधारण २५ किलोमीटरवर लोणार, आणि मुक्काम तिथेच करावा असं आम्ही आग्रहाने सांगतो. मेहकर गावात शारंगधर बालाजीची १८८८ साली जमिनीतून निघालेली मूर्ती आहे, ती जाताजाता बघून घ्या.

लोणारला लोक दुपारी पोचतात, काठावरून फोटो काढतात आणि ‘एक तळं’ म्हणून निघून जातात. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आहे, आणि ते काठावरून कळत नाही. सकाळी लवकर, नीट पकड असलेले बूट घालून, माणशी दीड लिटर पाणी घेऊन खाली उतरा. चढताना ऊन आणि चढ एकत्र गाठतात. उतरताना झाडी बदलत जाते, आणि तळाशी पोचल्यावर नाकाला उग्र वास येतो. पाणी खारं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अल्कधर्मी आहे, सामू (पीएच) दहाच्या आसपास. घरून चिमूटभर हळद नेली असेल तर तळहातावर घेऊन त्यावर या पाण्याचे दोन थेंब टाका: पिवळी हळद डोळ्यादेखत कुंकवासारखी लाल होते. अल्कधर्मी पाण्यात हळदीचा रंग असाच पालटतो. जून २०२० मध्ये सगळं सरोवर गुलाबी झालं होतं ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढली आहे, त्यामुळे काठाच्या कमळजा देवीपर्यंतची वाट खुली आहे का हे वन विभागाच्या चौकीवर आधी विचारा. वर गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघायला सकाळचं तिरपं ऊन बरं.

लोणारनंतर पुन्हा मेहकरला चढा. पुढे कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, आणि जवळच कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य. ही दोन्ही ठिकाणं वेळ असेल तरच. येळाकेळीला उतरायला मात्र चुकू नका, तिथून वर्धा जवळ. सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला आले. मातीच्या भिंतींची बापूकुटी भर दुपारी आतून किती गार असते हे हात लावून बघा. विदर्भातल्या उन्हाला इथल्या लोकांनी काय उत्तर शोधलं ते त्या भिंतीत आहे. उन्हावरून या भागाला आळशी म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात इथला बाजार पहाटे बघावा. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा शेतातली, बांधकामावरची, भाजीबाजारातली कामं सकाळी नवाच्या आत उरकलेली असतात. दुपारी अकराला येणाऱ्या पाहुण्याला फक्त बंद दारं दिसतात. वर्ध्यात गोरस भांडाराचा गोरसपाक घ्या, तुपातला, खुसखुशीत. तो प्रवासात टिकतो. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे, तो वाटेवरच. जंगलाची आवड असेल तर बोर व्याघ्र प्रकल्प याच जिल्ह्यात आहे, आणि ताडोब्यापेक्षा तिथे गर्दी कमी.

नागपूरच्या जेवणाबद्दलचा समज सगळ्यात घट्ट आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर. सावजी म्हणजे विदर्भाचं जेवण नव्हे. ते हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरातलं जेवण, जे खानावळींमुळे प्रसिद्ध झालं. त्याचं तिखट मिरचीपुरतं नाही. मिरी, लवंग, दगडफूल, खसखस असा भाजलेला काळा मसाला असतो, त्यामुळे पहिल्या घासाला जीभ फारशी पोळत नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला घशात ऊब चढते. नवखे लोक पहिल्या घासाला धीट होऊन वाटीभर रस्सा ओततात आणि तिथेच फसतात. रस्सा वेगळा मागा, ज्वारीच्या भाकरीबरोबर थोडा थोडा घ्या, आणि झोंबलं तर पाणी पिऊ नका. पाण्याने तेल तोंडभर पसरतं, भात खा. शाकाहारी असाल तर डाळकांदा आणि पाटवडी रस्सा मागा. हे दोन्ही पदार्थ मटणाच्या सावलीत राहिले, पण आमच्या मते सावजीची परीक्षा पाटवडीत होते: वडी रश्श्यात विरघळली नाही आणि आतून कोरडी राहिली नाही, तर खानावळ चांगली.

नागपुरी घरातलं रोजचं जेवण याहून अगदी निराळं असतं. वडाभात घ्या: मिश्र डाळींचे वडे भातात कुस्करायचे, वर हिंग-मोहरीची फोडणी दिलेलं तेल. किंवा गोळाभात, किंवा सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी. यातलं काहीच तिखटजाळ नाही. सकाळी तर्री पोहे खाताना ‘तर्री कमी’ सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. हरभऱ्याचा रस्सा मिळतो, वरचा तेलाचा थर तेवढा बाजूला राहतो.

भाषेबद्दलही ऐकतो: नागपूरकर हिंदी घुसडतात. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तिथलं ऑफिस, कोर्ट, बाजार अनेक पिढ्या हिंदी प्रदेशाबरोबर एकत्र चालले. हिंदी तिथून आली. विदर्भ सगळा कोरडा, हाही असाच एक समज. पश्चिमेकडे वऱ्हाड, कापसाची काळी माती. पूर्वेकडे झाडीपट्टी, भाताची खाचरं आणि मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव. गडचिरोली-गोंदियाकडे पुणे शहराच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, हे ‘कोरडा विदर्भ’ म्हणणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. कोरडवाहू कापसाचं दुःख खरं आहे, पश्चिम विदर्भात फार खोल आहे. पण सगळ्या अकरा जिल्ह्यांची ओळख तेवढीच करून टाकणं हा तिथल्या माणसांवर अन्याय आहे.

म्हणून हिवाळ्यात जात असाल तर नागपूरला थांबू नका, पूर्वेला वडसा देसाईगंजपर्यंत जा. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडप पडतात, नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि तिकीट काढून हजारो माणसं बसतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. प्रयोग कुठे आहे हे वडशातल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसबाहेरच्या फलकांवर कळतं. थंडी असते, शाल न्या, आणि त्या रात्रीनंतरचा दिवस गाडी चालवण्यासाठी धरू नका.

शेवटी संत्र्यांबद्दल: आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात बाजारात दिसणारं फळ इथलंच असेल असं धरून चालू नका. घेताना बघा: साल सैल, फळ हाताला जड, रंगात थोडी हिरवी झाक चालेल. डिकीत बंद न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी, पेटीची झाकणपट्टी उघडी ठेवून आणा. मुंबईपर्यंत बंद डिकीच्या उष्णतेने खालचा थर नरम पडतो.